चौदा वर्षांची पदवी

दोन वर्षांमागे एका रविवारी आमच्या वस्तीत एक बाई आल्या. तरुणच होत्या. हातात छापील प्रश्नावली, खांद्याला पिशवी. कुठल्याशा विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी. करत होत्या. घरोघर हिंडत आमच्या दारात आल्या. मी रात्रपाळी करून नुकताच आलेलो, डोळे चरचरत होते. आईने सतरंजी टाकली, चहा ठेवला. बाई विचारत गेल्या. घरात माणसं किती, कमावती किती, शिक्षण किती, संडास आतला की बाहेरचा, जात कोणती, पोटजात कोणती. आईने सगळं सांगितलं. शेवटी आईनेच विचारलं, "आनि बाई, हे समदं लिवून तुमी काय करनार?" बाई जरा गोंधळल्या. म्हणाल्या, "प्रबंध." आई म्हणाली, "म्हंजी?" त्यावर त्या नुसत्या हसल्या. वाईट नव्हत्या त्या, चहा आवडीने प्याल्या. पण परत आल्या नाहीत. त्या प्रबंधात माझी आई कितव्या कोष्टकात बसली कोण जाणे!

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या बैठकीत भडका उडाला. आमच्यातल्याच एका दोस्ताला समाजशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. पेढे वाटायचे तर एकजण फाडकन बोलला, "झाला साहेब! आता हा खुर्चीत बसून आपल्यावर लिहिणार, आणि आपण मोर्चात लाठ्या खाणार." दुसऱ्याने री ओढली, "डॉक्टर झालेले किती परत आले वस्तीत? बोटं मोजा." दोस्त गप्प बसला. मलाही बोलता येईना. दहावीनंतर गिरणीत गेलेला माणूस मी. पदवीबद्दल बोलायचा मला काय अधिकार? पण घरी जाऊन झोप लागेना. मग एका पाळीतून सुटलो की दुसरी लागेपर्यंत वाचत सुटलो. इंग्रजी पुस्तकं कोश मांडीवर घेऊन वाचली. जे हाताला लागलं ते इथे मांडतो. चुकलं तर बैठकीत कान धरा.

दोस्तहो, आपण बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी पोथीसारखी म्हणतो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. जयंतीच्या कमानीवर रंगवतो. पण त्यातली 'पीएच.डी.' ही चार अक्षरं मिळायला किती वर्षं लागली, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मला नव्हतं. चौदा वर्षं लागली. १९१३ ते १९२७.

सुरुवात करारापासून. ४ जून १९१३ ला बडोदे सरकारशी करार झाला. सयाजीरावांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. वडील रामजी सुभेदार त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले, कोलंबिया विद्यापीठात. वय बावीस. म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांचं आज आहे तेच.

तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांचा हिशेब कोलंबियाच्या कागदोपत्री आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर थोडं फ्रेंच आणि जर्मन. तीन वर्षांत! आपल्याकडे एका विषयाच्या गाईडवर माणूस पदवी काढतो. अर्थशास्त्राला सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई. समाजशास्त्राला गिडिंग्ज, ज्याने कोलंबियात हा विषय उभा केला. समाजशास्त्र तेव्हा स्वतःच पोरसवदा शास्त्र होतं. समाज कसा बांधला जातो, माणूस माणसाचं अनुकरण का करतो, घोळक्याचा गट कसा होतो, असे त्याचे प्रश्न. १९१५ मध्ये एम.ए. झालं, तेही अर्थशास्त्रातच.

आता जरा थांबून वाचा. ९ मे १९१६. मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांचा चर्चावर्ग. त्यात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय : भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि वाढ. जातीवर तोवर लिहिलं कोणी होतं? फ्रेंच सेनार्, इंग्रज सरकारचे अंमलदार नेसफील्ड आणि रिस्ले. रिस्ले तर नाकाची मापं घेऊन जात सांगणारा. आणि आपले मराठी माणूस श्रीधर व्यंकटेश केतकर, तेच ज्ञानकोशकार. तेही अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. करून आले. त्यांचा जातींच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ १९०९ चा. ह्या सगळ्यांनी जात पाहिली ती वरून. आता वर्गात उभा होता तो जातीच्या तळातून आलेला माणूस. ज्यांची मापं घेतली जात होती त्यांच्यातलाच एक फूटपट्टी हातात घेऊन उभा राहिला.

आणि तो काय बोलला? मला वाटलं होतं साताऱ्याच्या शाळेतलं गोणपाट येईल, गोरेगावच्या वाटेवरचा बैलगाडीवाला येईल, लहानपणी तहानेने केलेली तडफड येईल. ह्यातलं काही नाही. अपमानाची एकही हकिकत त्या निबंधात नाही. थंड डोक्याने, सुतार लाकडाचा सांधा उकलतो तसा त्यांनी जातीचा सांधा उकलला. पहिल्या वाचनात मला हे खटकलं, खरं सांगतो. आम्ही कवी माणसं, आम्हाला आग पाहिजे. तिसऱ्या वाचनाला कळलं की आग तिथेच आहे, फक्त धूर नाही.

मुद्दा असा. जातीचं खरं लक्षण कोणतं? विटाळ? धंदा? वंश? सगळी नावं बाजूला सारून बाबासाहेब एकच ठेवतात. लग्न आपल्याच गटात. केतकरांनी दोन लक्षणं सांगितली होती : जन्मानेच सभासदत्व आणि गटाबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब केतकरांचा मान राखून म्हणतात की ही दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की आत फक्त जन्मानेच येता येतं. सरळ हिशेब.

पुढचा हिशेब मात्र अंगावर काटा आणतो. गटाने दार बंद केलं तर आतल्या लग्नाच्या वयाच्या पुरुषांची आणि बायकांची संख्या जुळली पाहिजे. नाहीतर उरलेला माणूस दार फोडून बाहेर जाणार. नवरा मेला, बाई उरली. तिचं काय करायचं? नवऱ्याबरोबर जाळा. नाही जमलं तर जन्मभर विधवा ठेवा, केस कापा, कोपऱ्यात बसवा. बायको मेली, पुरुष उरला. त्याला जाळता येत नाही, तो पुरुष ना! संन्यास लादला तर टिकत नाही, आणि गटालाही तो संसारी हवा असतो. मग त्याला बायको कुठून आणायची? लग्नाच्या वयाला न आलेल्या पोरींतून. सती, वैधव्य, बालविवाह. तीन वेगळ्या रूढी नाहीत ह्या. एकाच बंद दाराच्या तीन कड्या आहेत. आधी कड्या लागल्या, त्यांची स्तोत्रं मागाहून लिहिली गेली.

दार पहिल्यांदा बंद कोणी केलं? ब्राह्मण वर्गाने. बाकीच्यांनी काही पाहून लावून घेतलं, काहींना दुसऱ्यांची दारं लागलेली दिसली म्हणून आपोआप आत कोंडले गेले. एकट्या मनूने कायदा करून देशभर जात लादली हे त्यांना पटत नाही. एवढी ताकद एका माणसात नसते. अनुकरणाचा हा विचार मांडताना ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द याचा आधार घेतात. म्हणजे समाजशास्त्राच्या वर्गात शिकलेलं हत्यार त्यांनी सरळ आपल्या घरच्या कुलपाला लावलं.

(इथे एक गोष्ट आपल्यालाच टोचून घ्यावी म्हणतो. आपल्या वधूवर मेळाव्याच्या पत्रिका काढून बघा. 'बौद्ध' लिहितो आणि पुढे कंसात काय लिहितो? हा निबंध ब्राह्मणांवर आहे म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याने आधी तो कंस वाचावा.)

निबंध मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' ह्या नियतकालिकात छापून आला. जातीवर लिहिणाऱ्याला आजही तो ओलांडून पुढे जाता येत नाही. पण लक्षात घ्या, ह्या निबंधावर पदवी मिळालेली नाही. तो वर्गातला निबंध. बाबासाहेबांची पीएच.डी. समाजशास्त्राची नाहीच, अर्थशास्त्राची आहे. ब्रिटिश सरकार प्रांतांना पैसा कसा वाटतं, कर कोण भरतो, खर्च कोण करतो, ह्यावर. जातीचं यंत्र त्यांनी एका वर्गात उघडून दाखवलं आणि राज्याच्या तिजोरीचं यंत्र दुसऱ्या वर्गात. दोन्हीकडे प्रश्न एकच दिसतो मला. गोळा कोणाकडून होतं आणि जातं कुठे?

पण पदवीचं काय झालं? १९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याने परत बोलावलं. अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये यावं लागलं. लंडनच्या विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत यायची सवलत दिली एवढंच. महायुद्ध चालू होतं. सामानाच्या पेट्या वेगळ्या जहाजाने निघाल्या, ते जहाज पाणतीराने बुडालं. पुस्तकं समुद्राच्या तळाला.

बडोद्यात काय झालं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. कोलंबियाची एम.ए. खिशात असलेल्या माणसाला गावात राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत खोटं पारशी नाव सांगून उतरले, दिवसाला दीड रुपया भाडं. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात. एका हिंदू मित्राकडे विचारलं, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं. दोघांनी अंग काढून घेतलं. गाडीच्या वेळेपर्यंत हा माणूस कामाठी बागेत बसून राहिला. दहा वर्षं नोकरीचा करार होता. राहायला खोली कोण देणार हे करारात नव्हतं.

पुढे सिडनॅम कॉलेजात १९१८ पासून प्राध्यापक. तिथे प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठावरून कुरकुर. पगारातून पैसे बाजूला टाकले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हात दिला, मित्र नवल भथेनाने कर्ज दिलं, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. सवलतीची मुदत संपायला थोडाच अवकाश होता. १९२१ ला एम.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध ऑक्टोबर १९२२ ला दिला, तर परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितला. पुन्हा लिहिला. १९२३ ला डी.एस्सी. इकडे मुंबईत ही सगळी वर्षं रमाई संसार ओढत होती. तिच्या नावापुढे कुठलीच अक्षरं लागली नाहीत.

आणि कोलंबियाची पीएच.डी.? तिथला नियम होता, प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दिल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. छापायला पैसा लागतो. तो ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग यांनी १९२५ मध्ये काढला. प्रस्तावना सेलिग्मनची, अर्पण सयाजीरावांना. पदवी रीतसर मिळाली जून १९२७ मध्ये.

१९२७. साल ओळखीचं वाटतंय? २० मार्च १९२७, महाडचं चवदार तळं. २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृतीचं दहन. ह्या दोन तारखांच्या मधोमध जूनमध्ये तो कागद झाला. ज्या माणसाने ओंजळ पाण्यात घातली, तोच माणूस त्या वर्षी डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी झाला. आता बैठकीत ज्याने 'चळवळ की पदवी' असं विचारलं त्याने मला सांगावं, मार्चचा माणूस आणि जूनचा माणूस वेगळे कसे करायचे?

सगळेच तसे निघतात असं मी म्हणत नाही. खुर्चीत रुतलेले आपणही पाहिलेत.

समुद्रापलीकडची एक गोष्ट सांगतो, कारण आपण पँथर हे नाव जिथून उचललं तिथलीच ती आहे. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस. काळा माणूस, हार्वर्डचा पहिला काळा पीएच.डी., १८९५. त्याआधी १८९२ ते १८९४ बर्लिनला शिकत होता. तिथली डॉक्टरेट हातातोंडाशी आलेली. पण शिष्यवृत्ती देणाऱ्या फंडाने पुढचे पैसे दिले नाहीत आणि विद्यापीठाच्या हजेरीच्या सत्रांचा नियम आडवा आला. परत यावं लागलं. बडोदा आणि बर्लिन, दोर एकाच जातीचा. १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याला फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीचा अभ्यास करायला बोलावलं. काळ्यांमुळे शहर बिघडलंय असं शहाण्यासुरत्यांचं मत होतं. हा गडी त्या सातव्या वॉर्डातच बायकोसह राहायला गेला आणि हजारो घरांची दारं स्वतः ठोठावली. प्रश्नावली त्याच्याही हातात होती. १८९९ मध्ये 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा ग्रंथ आला. गुन्हा रक्तात नसतो, कामाला दार बंद असतं तिथून सुरू होतो, हे त्याने आकड्यांनी मांडलं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ह्याच द्यु बॉइसला पत्र लिहिलं. तिकडच्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. त्याचं उत्तरही आलं, आपुलकीचं. दोन डॉक्टर, दोन वस्त्या.

आणि आपल्याकडे? मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीसने सुरू केला. १९२४ पासून घुर्ये. केंब्रिजची पीएच.डी. केलेले. पिढ्यान्‌पिढ्या प्रबंध तिथून निघाले. १९३८ मध्ये जी. आर. प्रधान यांचं मुंबईतल्या अस्पृश्य कामगारांवर पुस्तक निघालं. हे ऐकून मी उडालोच. आमच्या आज्या-पणज्यांच्या खात्यांवर, कर्जावर, खोल्यांवर प्रबंध! चांगलंच झालं, आज आपल्याला ते आकडे उपयोगी पडतात. पण एक सांगतो. गिरणीत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. का? धोट्यातली कांडी संपली की नवी घालून धाग्याचं टोक तोंडाने ओढून काढावं लागे. महाराच्या थुंकीने धागा बाटेल म्हणून जास्त पगाराचं ते खातं बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. कोष्टकात 'विणकाम खात्यात अस्पृश्य कमी' एवढं येतं. त्या थुंकीपाशी पोचायला प्रश्न विचारणारा कोण आहे ह्याने फरक पडतो. मी स्वतः रिंगखात्यात उभा राहतो. धागा तुटला की बोटाला काय कळतं ते मला ठाऊक आहे. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

तो दोर अजून तुटतो. १७ जानेवारी २०१६, हैदराबाद विद्यापीठ. रोहित वेमुला, पीएच.डी.चा विद्यार्थी, आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता. निलंबन, वसतिगृहातून बाहेर, उघड्यावर झोपणं. मरताना लिहिलेल्या चिठ्ठीत त्याने फेलोशिपचे सात महिन्यांचे पैसे येणं आहे असं लिहून ठेवलं. एक लाख पंच्याहत्तर हजार. त्यातून मित्राचं देणं द्यायला सांगितलं. शंभर वर्षांमागे महिना साडेअकरा पौंडांवर टांगलेला माणूस परत बोलावला गेला, आणि शंभर वर्षांनी सात महिन्यांचं येणं ठेवून एक पोरगा गेला. तेव्हा प्रवेश मिळालेल्या दोस्ताला टोमणा मारण्याआधी त्याचे पैसे वेळेवर येतात की नाही ते बघायचं काम मंडळाचं आहे, असं माझं म्हणणं. बैठकीत मी हे बोललो. टोमणा मारणारा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "छापायला पैसे लागले तर सांग." त्याच्याकडे स्टेन्सिल कापायचं काम आहे, ह्या अंकाचंही.

दोस्त गेल्या रविवारी घरी आला होता. कच्ची प्रश्नावली घेऊन. विषय आपल्याच वस्त्यांतली लग्नं. मला म्हणाला, "तू कवी आहेस, भाषा नीट कर." पहिलाच प्रश्न होता : आपली जात, पोटजात कोणती? मी तो खोडला. वर लिहिलं : पोराचं लग्न ठरवताना तुम्ही पहिल्यांदा काय विचारता?

"कोणाला तरी विचारून बघू," तो म्हणाला. घरात आई होती. तिने चहा ठेवलेला. दोस्ताने प्रश्न वाचला, पेन धरलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लिव. आपल्यातलीच हाय का, हे इचारती."

दोस्ताने लिहून घेतलं आणि खाली दुसरा प्रश्न घातला : आपल्यातली म्हणजे कोण?